अणूचा क्रमांक आणि अणूचा भार



आजचा विषय शाळेच्या फळ्यावरचा वाटेल, आणि तो तसाच आहे. मला तो एका शाळेंतच मिळाला. मिळाला असें म्हणण्यापेक्षां, तेथून येतांना तो ऋणासारखा डोक्यावर बसला, असें म्हणणें अधिक खरें.

मोखाडे तालुक्यांतील एका आश्रमशाळेंत मुलांशीं विज्ञानाविषयीं चार शब्द बोलावे, असें मला निमंत्रण होतें. दिवस फाल्गुनाचे. उतारांवर राब भाजण्याचें काम चाललें होतें. पालापाचोळा, शेण आणि छाटलेल्या फांद्या पसरून जाळलेल्या जमिनीचे काळे चौकोन रस्त्यावरून दिसत होते. वर्गाच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा मोठा तक्ता टांगलेला होता. प्रत्येक घरांत मूलद्रव्याचें नांव, वर एक पूर्ण आकडा, आणि खालीं दशांशांत लिहिलेला दुसरा. माझें बोलणें संपल्यावर नववींतली एक मुलगी उठली. तक्त्यापाशीं जाऊन तिनें एका ओळीच्या अगदीं शेवटच्या घरावर बोट ठेवलें आणि मग खालच्या ओळीच्या पहिल्या घरावर. "सर, वरचा आकडा अठरा, मग एकोणीस, असा बरोबर चालला आहे. खालचा पहिल्यापासून इथपर्यंत वाढतच आला. मग इथेंच तो ३९.९५ वरून ३९.१० वर कां उतरला?"

मला गाडी गांठावयाची होती. तक्ता स्वस्त छपाईचा होता, रंग एकमेकांवर गेलेले होते. मी म्हणालों, "छपाईची चूक असेल, बाळ. दोन आकडे इकडचे तिकडे झाले असतील." मुलगी खालीं बसली. तिनें तें मानलें. आणि मुलें आपलें म्हणणें इतक्या सहज मानतात, हीच शिक्षकाच्या पेशांतली धोक्याची जागा आहे.

जव्हार सोडून गाडी विक्रमगडकडे उतरूं लागली. रस्त्याच्या कडेचा कापलेला काळा खडक पाहतां पाहतां माझ्या ध्यानांत आलें, कीं तक्ता बरोबर होता आणि चूक माझी होती. इतकेंच काय, ज्या दोन घरांवर तिनें बोट ठेवलें त्यांचा खुलासा खिडकीबाहेरच्या त्या खडकांतच होता. तोच आज आपल्यापुढें मांडतों.

अणूच्या मध्यभागीं एक अत्यंत लहान अणुकेंद्र असतें. त्यांत दोन जातींचे कण राहतात. प्रोटॉन हा धनविद्युत् बाळगणारा. न्यूट्रॉन हा विद्युत् नसलेला. वजनानें दोघे जवळजवळ सारखे. केंद्राबाहेर ऋणविद्युत् बाळगणारे इलेक्ट्रॉन असतात. ते इतके हलके, कीं अठराशेंहून अधिक इलेक्ट्रॉन मिळून एका प्रोटॉनचें वजन भरतें. आतां, केंद्रांत प्रोटॉन किती, ही मोजणी म्हणजे अणुक्रमांक. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून सारा बोजा किती, तो अणुभार. आजच्या शाळेच्या पुस्तकांत अणुअंक आणि अणुवस्तुमान असे शब्द असतात. मी जुनेच वापरतों, कारण ऐकणाऱ्याच्या कानाला क्रमांक आणि भार हे शब्द चटकन् वेगळे पडतात.

अणूचा स्वभाव, म्हणजे तो कोणाशीं जुळेल, पाण्यांत विरघळेल कीं नाहीं, हाडांत बसेल कीं रक्तांत वाहील, हें बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असतें. आणि इलेक्ट्रॉन किती, हें प्रोटॉनांच्या संख्येनें ठरतें. म्हणून नांव देण्याचा अधिकार क्रमांकाचा. एक प्रोटॉन वाढला कीं मूलद्रव्य बदललें. न्यूट्रॉन दोन अधिक असले काय किंवा तीन उणे असले काय, नांव तेंच राहतें. वजन मात्र बदलतें. एकाच क्रमांकाच्या अशा भिन्न वजनांच्या अणूंना समस्थानिक म्हणतात, कारण तक्त्यांत त्यांचें स्थान एकच असतें.

तक्त्यावरच्या खालच्या आकड्याचा दशांश येतो तो यामुळेंच. आपल्या जेवणांतल्या मिठांत क्लोरिन असतो. त्याचा भार ३५.४५ लिहिलेला असतो. पण साडेपस्तीस भाराचा क्लोरिनचा एकही अणु कोठें सांपडावयाचा नाहीं. सुमारें तीन वांटे ३५ भाराचे आणि एक वांटा ३७ भाराचे असे अणु मिसळलेले आहेत, त्यांची ही सरासरी. एखाद्या गांवांत घरामागें साडेचार माणसें असा हिशेब निघाला, म्हणून कोणाच्या घरीं अर्धा माणूस जेवत नसतो.

हा फरक पुस्तकी नव्हे. जव्हार आणि मोखाडे ज्या पालघर जिल्ह्यांत २०१४ सालापासून मोडतात, त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तारापूरचें अणुवीजकेंद्र आहे. युरेनियमचा क्रमांक ९२. खाणींतल्या युरेनियमच्या हजार अणूंत सुमारें सात अणु २३५ भाराचे आणि बाकी बहुतेक सारे २३८ भाराचे. १९६९ सालीं सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांना २३५ भाराचा वांटा वाढविलेलें युरेनियम लागावें, अशी त्यांची रचना होती. हा वांटा वाढविणें जगांतल्या अवघड उद्योगांपैकीं एक आहे. कारण दोघांचा क्रमांक एक असल्यामुळें कोणतेंही अम्ल, कोणताही क्षार त्यांना वेगळें ओळखूं शकत नाहीं. जो काय भेद करावयाचा तो तीन कणांच्या वजनावर.

किनाऱ्यावर क्रमांक एक आणि भार निराळे. वर जव्हार-मोखाड्याच्या पठारावर याच्या उलट प्रकार आहे, तेथें भार एक आणि क्रमांक निराळे. आणि मुलीच्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच आहे. परंतु आधीं तक्त्याची हकीकत सांगितली पाहिजे.

१८६९ सालीं मेंदेलेयेव या रशियन रसायनशास्त्रज्ञानें ज्ञात मूलद्रव्यें भाराच्या क्रमानें मांडलीं, तेव्हां ठराविक अंतरानें सारख्या स्वभावाचीं मूलद्रव्यें पुन्हां पुन्हां येतात असें त्यास दिसलें. त्या वेळीं क्रमांक हा केवळ हजेरीपटावरचा क्रमांक होता. मुलांना वजनाप्रमाणें रांगेंत उभें करावें आणि एक, दोन, तीन म्हणत जावें, तसा. त्यास स्वतःचा कांहीं अर्थ नव्हता.

पुढें १८९४ सालीं एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. लॉर्ड रॅले हे हवेंतून काढलेला नायट्रोजन आणि रसायनांपासून तयार केलेला नायट्रोजन तोलून पाहत होते. पहिल्याचा एक लिटर भरे सुमारें १.२५७ ग्रॅम, दुसऱ्याचा १.२५१. हजारांत पांचाचा फरक! दुसरा कोणी असता तर तराजूला दोष देऊन मोकळा झाला असता, जसा मी छपाईला देऊन झालों. रॅले आणि रॅम्से यांनीं तो फरक सोडला नाहीं, आणि हवेंत दडलेला एक नवा वायु त्यांच्या हातीं लागला. तो कोणाशींच संयोग पावेना, म्हणून त्याचें नांव आळशी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून अरगॉन असें ठेवलें. आपल्या घरांतल्या जुन्या तारेच्या दिव्यांत हाच वायु भरलेला असे. हेच रॅम्से १९०० सालीं आपल्या देशांत आले होते. जमशेटजी टाटांनीं योजलेली विज्ञानसंस्था कोठें असावी याविषयीं त्यांचा सल्ला मागितला होता, आणि त्यांनीं बंगळूरची शिफारस केली.

अरगॉननें तक्त्याची पंचाईत केली. स्वभाव पाहिला तर त्याची जागा क्लोरिननंतर आणि पोटॅशियमच्या आधीं. भार पाहिला तर तो पोटॅशियमपेक्षां जड. भाराची रांग पाळावी, तर आळशी अरगॉन तडफदार सोडियमच्या रांगेंत जातो आणि पाण्याचा स्पर्श होतांच पेट घेणारें पोटॅशियम आळशांच्या पंगतींत बसतें. रसायनशास्त्रज्ञांनीं स्वभावाची बाजू घेतली आणि रांग मोडली; पण कां मोडली, याचें समाधानकारक कारण त्यांच्याजवळ नव्हतें.

तें कारण हेन्री मोस्ली या इंग्लिश तरुणानें १९१३ आणि १९१४ या दोन वर्षांत दिलें. त्यानें एकेका मूलद्रव्याचे क्ष-किरण घेऊन त्यांची कंपनसंख्या मोजली. तिचें वर्गमूळ काढून क्रमानें मांडलें, तों एका मूलद्रव्यापासून पुढच्यापर्यंत नेमकी सारखी पायरी! भाराच्या वाढींत अशी सारखी पायरी नव्हती. कोठें एक, कोठें तीन, कोठें उणेंही. अणूच्या आंत एकेकानें वाढणारें कांहीं तरी आहे आणि तें वजन नव्हे, हें त्यावरून दिसून आलें. मोस्लीच्या मोजणींत क्लोरिनला १७ ची पायरी मिळाली, पोटॅशियमला १९ ची, कॅल्शियमला २० ची. मधली १८ ची पायरी रिकामी राहिली, तीच अरगॉनची. हजेरीपटावरचा क्रमांक हा मुलाच्या अंगावरचा जन्मखुणेसारखा क्रमांक निघाला. त्यानंतर मोस्ली युद्धावर गेला, आणि १० ऑगस्ट १९१५ रोजीं गॅलिपोलीच्या रणांगणावर गोळी लागून मेला. त्याचें वय २७ होतें.

आतां उरला प्रश्न एवढाच, कीं अरगॉनचा क्रमांक लहान असून भार मोठा कां? त्याच्या केंद्रांत एक प्रोटॉन कमी, मग तो जड कसा झाला?

पोटॅशियमचे नैसर्गिक अणु तीन प्रकारचे: भार ३९, ४० आणि ४१. शेंकडा त्र्याण्णव ३९ भाराचे, जवळजवळ सात ४१ भाराचे. आणि ४० भाराचे दहा लाखांत अवघे ११७. हे ११७ अस्वस्थ असतात. त्यांतले निम्मे अणु मोडण्यास १२५ कोटि वर्षें लागतात, परंतु मोडतात खरे. मोडतात म्हणजे त्यांचे तुकडे होत नाहींत. शंभर अणूंतील सुमारें ८९ अणूंत एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो; क्रमांक १९ चा २० होतो आणि पोटॅशियमचें कॅल्शियम बनतें. उरलेल्या सुमारें ११ अणूंत अणुकेंद्र बाहेरचा एक इलेक्ट्रॉन गिळतें, एक प्रोटॉन न्यूट्रॉन होतो, क्रमांक १९ चा १८ होतो आणि पोटॅशियमचा अरगॉन बनतो. तीनही ठिकाणीं कणांची बेरीज चाळीसच राहते.

हवेंतला अरगॉन जवळजवळ सारा असा जन्मलेला आहे. १९३७ सालीं वाइत्सेकर या जर्मन शास्त्रज्ञानें असा तर्क मांडला, आणि १९४८ सालीं आल्ड्रिच व नीर यांनीं अमेरिकेंत जुनीं पोटॅशियमयुक्त खनिजें तपासून त्यांत तो अरगॉन दाखवून दिला. तारे अरगॉन बनवितात तो मुख्यतः ३६ भाराचा. आपल्या पृथ्वीला तेवढाच मिळाला असता, तर तक्त्यांत अरगॉनखालीं ३६ च्या जवळपासचा आकडा आला असता आणि त्या मुलीस प्रश्न पडला नसता. पण पृथ्वीच्या खडकांतलें पोटॅशियम अब्जावधि वर्षें झिजत राहिलें, ४० भाराचा अरगॉन हवेंत सोडीत राहिलें. आपल्या प्रत्येक श्वासांत शेंकडा एकाहून किंचित कमी असा हा खडकांचा उच्छ्वास असतो. त्यानें अरगॉनची सरासरी वर ओढली. पोटॅशियमची सरासरी ३९ भाराचे अणु खालीं धरून ठेवतात. म्हणून तो आकडा तेथें उतरतो.

जव्हार-मोखाड्याचा काळा खडक म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. लाव्हाचे थर एकावर एक बसून पायऱ्या पडल्या, म्हणून त्यास ट्रॅप म्हणतात. तो मूळ स्वीडिश शब्द पायऱ्या या अर्थाचाच आहे. या खडकाचें वय सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षें सांगतात. हा आकडा आला कोठून? खडकावर कोणीं शिलालेख तर कोरलेला नाहीं.

लाव्हा वितळलेला असतांना त्यांतला अरगॉन निसटून जातो. थिजला कीं दार बंद होतें. त्या क्षणापासून पोटॅशियम मोडून जो अरगॉन तयार होईल तो खडकांतच कोंडला जातो. खडकांत पोटॅशियम किती आणि कोंडलेला अरगॉन किती हें कळलें, म्हणजे दार कधीं बंद झालें तें कळतें. हिशेब किती बारीक आहे पाहा. ६ कोटि ६० लक्ष वर्षांत ४० भाराच्या पोटॅशियमच्या हजार अणूंपैकीं मोडले सुमारें ३६. त्यांतले कॅल्शियम झाले ३२, आणि अरगॉन झाले अवघे चार. कोणी म्हणेल, चारांपेक्षां बत्तीस मोजणें सोपें नव्हे काय? नव्हे. बेसाल्टमध्यें कॅल्शियम मुळांतच भरपूर. नवें बत्तीस त्या गर्दींत हरवून जातें. चार अरगॉन मात्र रिकाम्या घरांत सांपडलेल्या चार माणसांसारखे उठून दिसतात.

आजची पद्धत याहून चतुर आहे. मुंबईंत पवईच्या आय्. आय्. टी.मध्यें अशा कालमापनाची प्रयोगशाळा आहे. खडकाचे नमुने आधीं तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टींत न्यूट्रॉनांच्या मार्‍याखालीं ठेवतात, अशी तेथली रीत आहे. तेथें ३९ भाराच्या पोटॅशियमच्या कांहीं अणूंत एक न्यूट्रॉन शिरतो आणि एक प्रोटॉन बाहेर पडतो. भार ३९ चा ३९ च. क्रमांक १९ चा १८. म्हणजे खडकांतलें थोडें पोटॅशियम मुद्दाम अरगॉन केलें, आणि पोटॅशियम व अरगॉन असे दोन जिन्नस निरनिराळ्या तराजूंत तोलण्याचें कारण उरलें नाहीं. मग नमुना पायरीपायरीनें तापवितात आणि निघणारा वायु भाराप्रमाणें अणु निवडणाऱ्या यंत्रांत सोडतात.

या यंत्राची एक गंमत आहे. त्यास भार कळतो, क्रमांक कळत नाहीं. ४० भाराचा अरगॉन, ४० भाराचें पोटॅशियम आणि ४० भाराचें कॅल्शियम त्याच्या लेखीं जवळजवळ एकच. म्हणून आधीं वायु शुद्ध करावा लागतो. जो जो वायु कोणाशीं संयोग पावतो तो तो शोषून घेतात, आणि आळशी अरगॉन तेवढा मागें राहतो. हें काम क्रमांकाचें. आणि बाहेरच्या हवेंतला अरगॉन आंत शिरला असेल तर? तो ओळखतात ३६ भाराच्या अरगॉनवरून. हवेंत ३६ भाराच्या एका अणुमागें ४० भाराचे सुमारें ३०० असतात. जितके ३६ सांपडले त्यांच्या तीनशेंपट ४० वजा केले, म्हणजे उरला तो खडकाचा स्वतःचा. हें काम भाराचें. दोहोंपैकीं एकाची गफलत झाली कीं वयांत लक्षावधि वर्षांचा घोटाळा. याच काळाच्या आसपास डायनोसोर पृथ्वीवरून नाहींसे झाले. त्यास दख्खनचा लाव्हा कितपत कारण झाला, याविषयींचा वाद थोड्या लक्ष वर्षांच्या मागेंपुढें होण्यावर अडलेला आहे. तेव्हां असा घोटाळा परवडणारा नाहीं.

परततांना मला आणखी एक गोष्ट सुचली, ती विषयाला धरून आहे म्हणून सांगतों. राब भाजल्यावर राख उरते. ती पोटॅशियमनें संपन्न असते. पोटॅशियम हें नांवच मडक्यांत साठविलेल्या राखेवरून पडलेलें आहे. त्या राखेंत नागलीचीं रोपें वाढतात. शंभर ग्रॅम नागलींत पोटॅशियम चारशें मिलिग्रॅमहून अधिक, आणि कॅल्शियम सुमारें साडेतीनशें. तांदळांत कॅल्शियम दहा मिलिग्रॅमच्या आसपास. नागलींतल्या कॅल्शियमचा बहुतेक भाग ४० भाराचा, आणि पोटॅशियममध्येंही ४० भाराचे तुरळक अणु आहेतच. वजनानें दोघे सारखे. पण नागलीची भाकरी खाणाऱ्या मुलाचें शरीर त्यांत कधींच फसत नाहीं. २० क्रमांकाचा अणु तें हाडांत नेतें, १९ क्रमांकाचा पेशींच्या आंत ठेवतें. ज्या भागांत मुलांच्या कुपोषणाची वार्ता १९९२-९३ सालीं साऱ्या महाराष्ट्राला वाचावी लागली, त्या भागांत या वीस क्रमांकाचें मोल काय आहे, हें मीं निराळें सांगावयास नको. आणि आपल्यापैकीं कोणी किरणोत्सर्गाच्या नांवानें दचकत असेल तर सांगतों, मोठ्या माणसाच्या शरीरांत दर सेकंदाला ४० भाराच्या पोटॅशियमचे चार हजारांहून अधिक अणु मोडत असतात. हें भाषण ऐकतां ऐकतां आपल्या अंगांत कित्येक लक्ष अणूंनीं आपला क्रमांक बदलला आहे.

मुंबईस पोंचल्यावर मीं शाळेच्या पत्त्यावर त्या मुलीस पत्र घातलें. तक्ता बरोबर आहे, चूक माझी होती, असें पहिल्याच ओळींत लिहिलें, आणि पुढें जें आतां सांगितलें तें थोडक्यांत. शाळेच्या आवारांतला एक दगड उचलून हातांत धर, असेंही लिहिलें.

उत्तर पंधरा दिवसांनीं आलें. वहीचा अर्धा कागद. दगडाविषयीं त्यांत कांहींच नव्हतें. तिनें तक्ता पुढें वाचला होता आणि आणखी दोन ठिकाणीं आकडा उतरलेला तिला सांपडला होता: २७ वरून २८ ला, म्हणजे कोबाल्ट आणि निकेल, आणि ५२ वरून ५३ ला, म्हणजे टेल्यूरियम आणि आयोडिन. "हें पण पोटॅशियमसारखें मोडून झालें काय?" असा प्रश्न होता. मीं उलट टपालीं कळविलें, कीं नाहीं, तेथें कोणी मोडलेलें नाहीं. त्या त्या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचें मिश्रणच तसें पडलें आहे. कोबाल्टचे सारे अणु ५९ भाराचे. निकेलचे बरेचसे ५८ चे, म्हणून त्याची सरासरी खालीं. टेल्यूरियममध्यें १२८ आणि १३० भाराच्या अणूंचा भरणा, आयोडिनचे मात्र सगळे १२७ चे.

नैसर्गिक मूलद्रव्यांत अशी आणखी एक जागा आहे, ९० आणि ९१ यांच्यामध्यें. ती मीं तिला कळविलेली नाहीं.